यात्रेचा फड आणि फडातले बालपण

सटाण्याची यात्रा एका सरकारी अंमलदाराच्या नावाने भरते, आणि देवाच्या जागी मामलेदार बसलेला असा दुसरा उत्सव निदान माझ्या पाहण्यात नाही. यशवंत महादेव भोसेकर हे त्या अंमलदाराचे नाव. १८१५ साली पुण्यास जन्मलेला, पंढरपूरकडच्या भोसे गावच्या घराण्यातला हा गृहस्थ कारकुनीपासून चढत चढत मामलेदारीस पोचला, आणि खानदेशातल्या निरनिराळ्या तालुक्यांची कचेरी सांभाळीत अखेरीस सटाण्यास आला. खानदेश आणि अहमदनगर या जिल्ह्यांचे लचके तोडून १८६९ साली नाशिकचा स्वतंत्र जिल्हा बनविण्यात आला आणि सटाण्याचा बागलाण तालुका त्यात समाविष्ट झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढच्या एकदोन वर्षांतच दुष्काळ पडला, लोक अन्नाला महाग झाले, आणि या मामलेदाराने वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता सरकारी खजिन्यातले एक लाख सत्तावीस हजार रुपये रयतेत वाटून टाकले, असे परंपरा सांगते. चौकशीसाठी वरून अधिकारी आले तेव्हा खजिन्यात एका पैचीही तूट आढळली नाही, हा त्या कथेचा उत्तरार्ध. त्यावर श्रद्धा ठेवणे न ठेवणे ज्याच्या त्याच्या मनोधर्मावर सोपवावे. पण पूर्वार्ध मात्र इतका मानवी आहे की त्याला चमत्काराच्या पुष्टीची गरज भासत नाही. १८८७ साली नाशकात त्यांचे देहावसान झाले, आरम नदीकाठच्या सटाण्यात त्यांचे मंदिर उभे राहिले, आणि दर मार्गशीर्ष वद्य एकादशीस देवमामलेदार म्हणून पूजल्या जाणाऱ्या या गृहस्थाचा रथ गावातून निघू लागला. तालुक्याचे विद्यमान तहसीलदार आपल्या या पूर्वसूरीची महापूजा करतात, ही त्या उत्सवातली मला विशेष मौजेची वाटणारी बाब.

यात्रा म्हटली की देवदर्शन, बाजार आणि करमणूक या तीन गोष्टी ओघानेच आल्या. आणि करमणूक म्हटली की नाशिक-खानदेशच्या मुलखात गेल्या पिढीपर्यंत पाळण्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्याहूनही अधिक ओढीने, तमाशाच्या तंबूकडे पाय वळत. या तंबूत नाचणाऱ्या बाईचे आयुष्य कोठून सुरू होते, तिला विद्या कोण देतो, तिचा कस कोण लावतो आणि तिच्या उतारवयाचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडला जातो, हे प्रश्न तंबूबाहेर रांगेत उभ्या असलेल्या प्रेक्षकाला सहसा पडत नाहीत. इतिहासलेखकांनाही ते फारसे पडलेले दिसत नाहीत. शाहिरांच्या कवनांची संपादने निघाली, पेशवाईतल्या लावणीवर विद्वत्तापूर्ण चर्चा झाली. ती लावणी ज्या पायांनी उभी केली ते पाय मात्र बहुतेक अनामिकच राहिले.

तमाशाची वंशावळ उत्तर पेशवाईपर्यंत निर्वेधपणे नेता येते. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ ही मंडळी त्या काळातली. अनंत फंदी तर आमच्या शेजारच्या संगमनेरचाच. पेशवाई बुडाल्यावर सरदार-जहागीरदारांचा आश्रय आटला आणि फडाला गावोगावच्या पाटलाकडे, जत्रेच्या पंचांकडे, वर्गणीच्या पैशाकडे तोंड वळवावे लागले. दरबारी रसिकापेक्षा माळावर बसलेल्या कुणब्याला कथा अधिक लागते, म्हणून गण, गवळण, बतावणी आणि लावणी यांच्या मागाहून वग आला. उमाबाबू सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ हा १८६५ च्या सुमाराचा वग आद्य मानला जातो. रचना अशी भरत गेली तसा फडही भरत गेला: ढोलकी आणि हलगी वाजवणारे, तुणतुण्यावर आणि झांजेवर साथ करणारे, सुरात सूर मिळवणारे सुरते, हजरजबाबी सोंगाड्या, गवळणीतली मावशी, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी नाच्या.

हा नाच्या बराच काळपर्यंत पोऱ्याच असे, हे येथे नमूद केले पाहिजे. कोवळ्या वयाचा, गळ्याचा गोड, कमरेचा लवचीक असा मुलगा हेरून त्याला लुगडे नेसवायचे, केस वाढवायचे, आणि मिसरूड फुटेपर्यंत त्याच्याकडून स्त्रीची भूमिका करवून घ्यायची, हा रिवाज होता. तो केवळ तमाशापुरता नव्हता. आमच्याच बागलाणात मुल्हेरला उद्धव महाराजांच्या समाधिस्थानी कोजागिरीच्या रात्री जी रासक्रीडा होते तिच्यातही कृष्ण आणि गोपी पुरुषच होतात, आणि निरनिराळ्या भाषांतली पदे गात चांदण्या रात्रीचा प्रहर न् प्रहर जागवतात. एक नृत्य भक्तीच्या सोवळ्यात राहिले, दुसऱ्यावर अश्लीलतेचा शिक्का बसला. परंतु पुरुषाने स्त्री होऊन नाचण्याची कला दोहोंत एकच. मुल्हेरच्या गोपीला सकाळी उठून आपल्या घरी, आपल्या प्रतिष्ठेत परत जाता येते; फडातल्या पोऱ्याला ती सोय नव्हती, कारण फड हेच त्याचे घर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्री स्वतः बोर्डावर आली. या संक्रमणाला एक नाव द्यायचे तर ते संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाबाईचे द्यावे लागेल. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी असलेले श्रीधर कृष्ण, म्हणजे पुढे पठ्ठे बापूराव म्हणून अजरामर झालेले शाहीर, आणि महार समाजात जन्मलेली पवळा, यांची जोडी मुंबईत गाजली. ब्राह्मणाने घरदार आणि वतन सोडून तमाशाच्या फडात जावे, आणि तेथे महाराच्या मुलीबरोबर उभे राहावे, याचा त्या काळच्या समाजाला केवढा धक्का बसला असेल याची कल्पना आज नीटशी येणार नाही. बापूरावांच्या लेखणीची थोरवी सर्वांनी गायिली आहे. परंतु त्या लेखणीला पवळेच्या पायांची जोड मिळाली नसती तर मुंबईच्या गिरणगावाने ती लेखणी एवढी डोक्यावर घेतली असती की नाही, याविषयी मला शंका आहे.

आता ज्या एका कलावतीचे आरंभीचे आयुष्य मला अधिक तपशिलाने सांगायचे आहे तिच्याकडे वळतो. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने नामांकित केला. फडाच्या नावात जात उघडपणे घातलेली आहे, हे आजच्या वाचकाच्या कानाला खटकेल. त्या काळी ढोलकीचे फड प्रामुख्याने महार आणि मांग मंडळींचे, तर संगीतबारी मुख्यत्वे कोल्हाटी स्त्रियांची, अशी वाटणी सर्वश्रुत होती, आणि जे नाव गावाने हिणवण्यासाठी घ्यावे तेच फडमालकाने मोठ्या अक्षरांत फलकावर रंगवावे, यात एक प्रकारचा ताठा होता असे मी समजतो.

विठाबाई शाळेत रमल्या नाहीत, आणि पुढे अगदी लहान वयातच बोर्डावर उभ्या राहिल्या. औपचारिक शिक्षण त्यांना कोणीच दिले नाही, असे त्यांचे चरित्र सांगणारे आवर्जून सांगतात, जणू काही तो दैवी चमत्कारच होता. मला या सांगण्यात थोडी गफलत वाटते. ज्या मुलीने जन्मापासून गवळण, भेदिक आणि लावणी यांखेरीज दुसरे फारसे ऐकलेच नाही, जिची झोप ढोलकीच्या आवाजात लागे आणि ढोलकी थांबली की मोडे, जिच्या घरातली वडील माणसे दिवसा आपल्याला चार शब्द रागे भरीत आणि रात्री राजा-प्रधान होत, तिला शिक्षण मिळाले नाही असे म्हणणे म्हणजे गुरुकुलाला भिंती नसल्या तर ते गुरुकुलच नव्हे असे म्हणण्यासारखे आहे. फडातल्या मुलाला कोणी ‘आता शीक’ असे म्हणत नाही. ते कनातीच्या फटीतून पाहत असते, कपड्यांच्या ट्रंकेवर पेंगत असते, आणि एके दिवशी कोणीतरी आजारी पडते व त्याला पुढे ढकलले जाते. त्या क्षणी त्याला सर्व काही येत असते, कारण येत नाही असे म्हणण्याची सवड कोणी दिलेलीच नसते.

या विद्येचा एक अंश जवळून पाहण्यासारखा आहे. मार्गशीर्षाच्या थंडीत, बागलाणातल्या दहिवराने हवा ओलसर झाली की हलगीचे कातडे सैल पडते आणि तिचा आवाज बसतो. म्हणून तंबूच्या मागे पाचटाचा किंवा कागदांचा जाळ करून हलगीवाला ती शेकीत बसतो, बोटाने टिचकी मारून पाहतो, पुन्हा शेकतो. त्याच जाळाच्या उजेडात नाचणारी बाई पायाला आधी कापडाची पट्टी गुंडाळते, मग तिच्यावर चाळ बांधते. पट्टी नसली तर पितळी घुंगरांनी घोट्याची सालटी निघतात. चाळांचे वजन शेरांत मोजावे एवढे. ते पायात असताना पाय उचलणे हे काम नव्हे. उचललेला पाय नेमक्या मात्रेवर टेकवणे आणि मध्येच सगळ्या घुंगरांना गप्प करून एकटाच वाजवणे, हे काम. नऊवारी, शालू, अंगभर दागिने, आणि तोंडावर गॅसबत्तीची धग. ढोलकीवाल्याशी तिचा जो सामना चालतो त्यात तो नवे तोडे टाकून तिला पेचात धरू पाहतो आणि ती पायांनी उत्तर देते. कलगी आणि तुरा या पक्षांचे सवाल-जवाब शब्दांत चालत; हा सवाल-जवाब कातडे आणि पितळ यांच्यातला.

म्हणजे स्पर्धा ही या कलेच्या हाडामासातच आहे. परंतु खरी स्पर्धा तंबूच्या आत नसून दोन तंबूंमध्ये असे. पूर्वी गावाने सुपारी दिली की फड उघड्या माळावर, चावडीपुढे किंवा देवळासमोर रात्रभर खेळे आणि पैसे पंच मोजून देत. पुढे तिकिटाचा तंबू आला आणि हिशेब बदलला. मोठ्या यात्रेत दोन-तीन फडांचे तंबू हाकेच्या अंतरावर पडू लागले. दोघांची ढोलकी एकाच वेळी कडाडते, दोघांचे निवेदक कर्ण्यातून एकमेकांवर कडी करतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत उभा असलेला, खिशातली नाणी चाचपणारा शेतकरी हाच परीक्षक. तो ज्या कनातीकडे वळला तिकडचा फड जिंकला. त्याला नियमावली नाही, निकालपत्र नाही, आणि फेरविचाराची दादही नाही.

या संदर्भात एका अगदी परक्या मुलखातली जोडी मला वारंवार आठवते. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावची जेन टॉर्विल आणि ख्रिस्तोफर डीन, पहिली १९५७ ची आणि दुसरा १९५८ चा, हे बर्फावरच्या नृत्याचे जगज्जेते. बर्फावर पोलादी पात्यांच्या बुटांनी स्त्री-पुरुषांनी जोडीने नाचायचे, हा युरोपातला जुना शौक. त्याची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५२ पासून सुरू झाली आणि ऑलिंपिकमध्ये त्याला १९७६ साली प्रवेश मिळाला. टॉर्विल विमा कंपनीत कारकून, डीन पोलीस शिपाई. दोघांनीही लहानपणी गावच्या बर्फाच्या क्रीडागृहात निरनिराळ्या जोडीदारांबरोबर धडे घेतले, आणि १९७५ मध्ये जेनेट सॉब्रिज या शिक्षिकेने त्यांची गाठ घालून दिली. नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री सराव करणाऱ्या या दोघांना नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने एकूण ४२,००० पौंडांचे अनुदान दिले, तेव्हा कोठे त्यांना नोकऱ्या सोडून नाचण्यास पूर्ण वेळ देता आला. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी सारायेव्हो येथे राव्हेलच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेवर ते नाचले आणि बारा वेळा सहापैकी सहा गुण पडले. त्यांतले नऊ कलात्मकतेचे, म्हणजे नऊच्या नऊ परीक्षकांचे. त्यांच्या संगीताची लांबी नियमाहून काही सेकंदांनी अधिक होती. पण पात्याचा बर्फाला स्पर्श झाल्यापासूनच वेळ मोजली जाते हे हेरून त्यांनी आरंभ गुडघ्यांवर बसून केला आणि नियम न मोडता वेळ मिळवली. आमच्या फडातला सोंगाड्या या युक्तीला मनापासून दाद देता. वग पहाटेपर्यंत लांबवणाऱ्याला वेळेचे असे चिमटे कधी सोसावे लागले नसले, तरी पोलिसाने घालून दिलेल्या वेळेच्या मर्यादेतून पळवाट कशी काढावी हे त्याला पुढे शिकावेच लागले.

नगरपालिकेचा तो ठराव मला बोलेरोइतकाच महत्त्वाचा वाटतो. एका औद्योगिक गावाच्या कारभारी मंडळींनी दोन तरुणांच्या नाचण्यावर करदात्यांचा पैसा खर्ची घातला, याची कल्पना विठाबाईंच्या वाट्याला आलेल्या व्यवहाराशी ताडून पाहावी. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारची तमाशावर वक्रदृष्टी होती. बंदी, मग सुधारणा समिती, मग संहितेची तपासणी, अशा चाळण्यांतून फडांना जावे लागले. पुढे वारे फिरले. १९५७ साली विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. १९९० साली पुन्हा लाभला. या दोन गौरवांच्या मधल्या काळात फड मात्र नेहमीच्याच रीतीने चालत होता, म्हणजे उचलीवर. पावसाळ्याचे चार महिने फड बसलेला असतो, पण कलावंतांची पोटे बसत नाहीत; मग फडमालक सावकाराकडून पैसा उचलतो, तो कलावंतांना आगाऊ वाटतो, आणि हंगाम सुरू झाला की यात्रेमागून यात्रा करीत ते कर्ज आणि त्यावरचे जबर व्याज फेडत जातो. एखाद्या यात्रेत अवकाळी पाऊस आला, तंबू उलटला, दंगा झाला, की त्या वर्षाचा हिशेब कोसळलाच.

अशा हंगामात सुट्टी नसते, याचा अर्थ किती कठोर असू शकतो ते विठाबाईंच्या आयुष्यातल्या एका प्रसंगावरून समजते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. वेणा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, कनातीमागे प्रसूती झाली, नाळ दगडाने ठेचून तोडली, आणि पुन्हा लुगडे सावरून त्या बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. मघाचे पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानी आले आणि त्यांनीच खेळ थांबवावयास लावला. हा प्रसंग कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सभासंमेलनांतून सांगितला जातो. निष्ठा त्यात निःसंशय आहे. परंतु तिकिटे विकली गेलेली होती, फडाचे पोट त्या खेळावर होते आणि बदली कोणी नव्हते, हेही त्यात आहे, आणि सभेतल्या वक्त्याला ते सांगायला सहसा सवड होत नाही. त्या प्रेक्षकांचे मात्र मला कौतुक वाटते. पैसे मोजून आलेल्या, दौलतजादा करणाऱ्या, शिट्ट्या फुंकणाऱ्या ज्या गर्दीला शिष्टांनी सदैव नावे ठेवली, तिने त्या रात्री आपला हक्क सोडला.

विठाबाईंच्या मुलींपैकी मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला आणि तोही गाजवला. म्हणजे नारायण खुड्यांपासून मोजले तर चौथी पिढी बोर्डावर आली. स्वतः विठाबाईंचे १५ जानेवारी २००२ रोजी निधन झाले. अखेरच्या आजारपणात पैशाची तंगी होती आणि इस्पितळाचे बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावे लागले. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते, आणि अलीकडे फडांना अनुदानही मिळते. जे विठाबाईंच्या हयातीत घडावयास हवे होते त्यातले काही त्यांच्या नावावर घडले.

नारायणगावात आजही गुढीपाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. ते व्यवहार मुख्यत्वे चैत्र-वैशाखातल्या जत्रांचे, आणि बरेचसे फड तेवढ्या दोन महिन्यांपुरतेच जुळतात. त्यांना हंगामी फड म्हणतात. देवमामलेदारांची यात्रा मार्गशीर्षातली, म्हणून ती या हंगामी फडांच्या कामाची नव्हे. येथे तंबू ठोकायचा तो दसऱ्याला बाहेर पडून वैशाखापर्यंत घरी न परतणाऱ्या पूर्णवेळ फडानेच, आणि असे फड आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या दृष्टीने सटाण्यासारख्या थंडीतल्या यात्रांचे मोल वेगळे आहे: पावसाळ्यातली उचल नुकतीच डोक्यावर बसलेली असते, चैत्र अद्याप तीन महिने दूर असतो, आणि गल्ल्यात जमलेल्या रकमेतून पहिला हप्ता सावकाराला पोचता करून उरलेल्या पैशात पुढच्या मुक्कामाचे डिझेल भरायचे असते.